मशीन चालू हाय, ताप न्हाई

दिनू,

तुला अग्नी देऊन आम्ही सगळे वडूजहून आपापल्या घरी परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर तुझा मेसेज आला. 'राम राम मंडळी. मशीन चालू हाय. डिस्क ठीक. ताप न्हाई.'

मी ब्रश तोंडात धरून बेसिनपाशी उभा होतो. फोन वाजला, तुझं नाव दिसलं. शेजारी तुझा तो टोपीतला फोटो, ऊन आल्यामुळं एक डोळा बारीक केलेला. आधी मला काहीच वाटलं नाही. रोज येतो तसा आलाय, एवढंच. मग चूळ भरता भरता आठवलं, काल तुला अग्नी देऊन आलोय.

प्रोग्रॅम तूच लिहिला होतास, मला ठाऊक होतं. फौजेतून घरी आल्यावर तू ते कॉम्प्युटरचं मशीन जोडलंस आणि त्याला शिकवलंस, की रोज सकाळी स्वतःचं तापमान बघायचं, डिस्क तपासायची आणि आमच्या 'पीसी कट्टा' ग्रुपवर तुझ्या नावानं हजेरी द्यायची. आम्ही किती चेष्टा केली त्याची! दिन्या फौजेतून सुटला पण रोलकॉल सुटला नाही, असं मीच लिहिलं होतं. तरी त्या सकाळी मला स्वतःला समजवावं लागलं. हे मशीन बोलतंय, वसंता. तो नाही. त्याला तू काल स्वतःच्या खांद्यावरून नेलंस.

ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. एरवी त्या मेसेजखाली रोज कुणीतरी आपलं रडगाणं लावायचं. स्क्रीन निळी होतेय, प्रिंटर कागद खातोय, पोरानं गेम टाकला आणि आता मशीन रांगतंय. दुपारी लोणंदच्या शकीलनं मला एकट्याला लिहिलं, 'भाऊ, ह्ये कुणीतरी बंद करा. दुकानात फोन वाजला आन् माझ्या हातातनं स्क्रू पडला.' थोड्या वेळानं त्यानंच परत लिहिलं, 'नगा करू बंद. ऱ्हाऊ द्या.'

मग ते रोजच यायला लागलं. मी उठल्यावर फोनकडं बघायचा नाही, आधी आंघोळ करायची असं ठरवलं. पण न्हाणीघरात असतानाही कान तिकडंच. वाजला की बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून भीती वाटायची. घरात हिला सांगितलं तर ती म्हणाली, ग्रुपच सोडा काही दिवस. तिचं बरोबर होतं. पण तुझी हजेरी चालू असताना मी ग्रुप सोडायचा, हे मला जमेना.

आपली ओळख या असल्याच प्रश्नांतून झाली. तेव्हा हा ग्रुप नव्हता, कुठल्याशा चर्चेच्या साईटवर मी विचारलं होतं, की माझं मशीन दुपारी बंद पडतं आणि संध्याकाळी आपोआप चालू होतं, असं का? देशभरातल्या शहाण्यांनी सांगितलं, मदरबोर्ड बदला, पॉवर सप्लाय बदला, व्हायरस असेल. तू एकट्यानं उलट विचारलंस, 'तुम्ही राहता कुठं?' मी लिहिलं, माधवनगर, सांगलीजवळ. तू म्हणालास, 'मग खोका उघडा, पंख्यात कापूस असंल.' होताच. शेजारच्या यंत्रमागांवरून उडणारी सगळी लव त्या पंख्यानं ओढून घेतली होती, आत छोटी उशीच तयार झाली होती. दुपारी माग जोरात चालायचे, मशीन तापायचं. मग तू लिहिलंस, 'तुमच्याकडं कापूस, आमच्याकडं माती. मी वडूजचा.' तेव्हापासून आपण अहोजाहो सोडलं.

मातीवरचा तुझा उपाय मी तुझ्या घरी आलो तेव्हा बघितला. वहिनींच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा तू मशीनच्या तोंडावर शिवून बसवला होतास, आणि आठवड्याला तो काढून धुवून वाळत घालायचास. बाजारात मिळते की जाळी, म्हटलं मी. तू म्हणालास, 'ह्यातनं वारा येतो आन् माती येत न्हाई. आन् लुगडं वळखीचं हाय.' वहिनी आतून म्हणाल्या, 'माझं लुगडं गेलं त्ये गेलं, वर ह्यांचं कवतिक.' केवढा हसला होतास तू.

पहिली भेट मात्र लोणंदच्या स्टेशनावर. तुला माझी एक डिस्क दुरुस्तीला हवी होती आणि पोस्टावर तुझा भरवसा नव्हता. मी डिस्क जेवणाच्या डब्यात ठेवून, भोवती गंजीफ्रॉक कोंबून आणली. तू डबा उघडलास, गंजीफ्रॉक बाजूला केलास आणि डिस्क कानाला लावलीस. फलाटावरची माणसं बघायला लागली. तू डोळे मिटून तिला हळूच हलवलंस आणि म्हणालास, 'जिती हाय गड्या. घाबरलीय नुसती.' शकीलही तिथंच पहिल्यांदा भेटला, त्याचं दुकान जवळच. तिघांनी मिळून भजी खाल्ली आणि खरकटे हात लागू नयेत म्हणून डिस्क परत गंजीफ्रॉकात गुंडाळली.

खरं सांगू का, त्यानंतर माझं मशीन फारसं बिघडलंच नाही. मी उगाच प्रश्न काढायचो. रॅम कुठली घ्यावी, नवी सिस्टीम टाकावी की जुनीच बरी. उत्तर मला माहीत असायचं. तुझा फोन यायचा, तू आधी शिव्या घालायचास आणि मग विचारायचास, 'बिघडायच्या आदी शेवटचं काय बदललंस त्ये सांग.' हा प्रश्न तू सगळ्यांना विचारायचास. लोक म्हणायचे, काहीच नाही बदललं. तू म्हणायचास, 'आसं हुतंच न्हाई.' आणि कधीच चुकला नाहीस. तू गेल्यावर मी हा प्रश्न तुझ्या तब्येतीबद्दलही विचारून बघितला. काय बदललं होतं शेवटी? मला काहीच सापडलं नाही. त्या आठवड्यात तू नेहमीसारखाच भांडत होतास.

भांडण कशावरून, ते तुला आठवत असेल. कुलपावरून.

दहावं झाल्यावर वहिनींचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी मला फोन केला नव्हता, तूच द्यायचास त्यांच्या हातात. म्हणाल्या, 'भावजी, त्या कॅसेटी ह्या मशीनीतच हायत न्हवं?' मी हो म्हटलं. 'मंग त्या निगतील का?' येऊन बघतो, म्हटलं मी.

तू सीमेवर असतानाच्या त्या कॅसेटी. तुमच्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं. पत्र आलं तर ते घरातल्या कुणीतरी मोठ्यानं वाचणार, सगळं घर ऐकणार, म्हणून तू पत्राऐवजी बोलून कॅसेट पाठवायचास आणि वहिनी सासऱ्यांचा टेपरेकॉर्डर पदराखाली घेऊन मागच्या शेडात जाऊन ऐकायच्या. त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर आपलं बोलणं भरून परत पाठवायच्या. हे मला तू एकदाच सांगितलंस, तेही दुसरीकडं बघत. पुढं त्या कॅसेटींना बुरशी लागली. मी माधवनगरहून माझा चांगला कॅसेट-डेक घेऊन आलो, सगळं मशीनमध्ये उतरवून घ्यायला. वायरी जोडून दिल्या आणि तू मला खोलीबाहेर काढलंस. 'तू भाईर बस. बायकू बोलतीय त्यात.' मी दिवसभर ओसरीवर शेंगा फोडत बसलो. आतून काही ऐकू आलं नाही, दाराला तू सतरंजी लावली होतीस. संध्याकाळी बाहेर आलास ते तोंड धुऊनच. बुरशीच्या कॅसेटी तू परसात जाळल्यास.

आणि मग सगळ्याला कुलूप घातलंस. मशीन सुरू करताना ते किल्ली मागणार, ती टाकली तरच पुढं जाणार, नाहीतर आतलं सगळं नुसतं भुस्कट. एकदा उघडलं की चालू असेपर्यंत उघडं. बंद झालं, की पुन्हा किल्ली. पडद्यालाही तीच. तू ते मशीन कधी बंद होऊ द्यायचा नाहीस आणि त्याची केवढी फुशारकी मारायचास ग्रुपवर! कितीही दिवस लाईट जाऊ दे, आमचं चालूच. मी म्हणायचो, दिनू, ती किल्ली वहिनींना सांगून ठेव. तू म्हणायचास, 'म्हायती तीन जागी, किल्ली एका जागी. फौजेत आसंच शिकवत्यात.' मी विचारायचो, आणि ती एक जागाच गेली तर? तू हसायचास. 'मी काय मरतुया व्हय रं?'

शेवटच्या आठवड्यातही हेच. मी चिडून म्हणालो, की तुझ्यासारख्या हुशार माणसाचं घरच शेवटी कुलपाबाहेर राहतं, बघ. तू म्हणालास, 'बरं बरं, बगतो. फोन ठेव, पेंड टाकायचीय म्हशीला.' तेच शेवटचं बोलणं. या वाक्यासाठी मी तुझ्यावर किती चिडलोय, सांगता येत नाही. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडलोय.

म्हायती तीन जागी होती, हे खरं. एक तुझ्या मशीनमध्ये, एक डिस्क लोणंदला शकीलच्या तिजोरीत आणि एक माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली. आग लागो, पूर येवो, चोर येवो, तुझ्या कॅसेटी सुरक्षित. सांगलीला पाणी आलं तेव्हा घरातलं दुसरं काही उचलायच्या आधी मी ती डिस्क माळ्यावर टाकली होती. तिन्हींना तेच कुलूप आणि किल्ली तुझ्या डोक्यात. आमच्यातला कुणीही नवशिका तुला त्यावरून हसला असता. पण तू आमच्यात सगळ्यात शहाणा, म्हणून कुणी हसलं नाही. वहिनींचा फोन ठेवल्यावर मी कपाटातून ती डिस्क काढली आणि तुझ्यासारखी कानाला लावली. गार होती, बाकी काही नाही.

उघडं होतं ते एकच, तुझ्या खोलीतलं चालू मशीन. तू शेवटचं सुरू केलंस ते अजून बंद पडलं नव्हतं. पडदा कुलपात होता, पण आत सगळं मोकळं. बाहेरून एकदा किल्ली जुळली, की कॅसेटी काढता येणार होत्या. मशीन बंद पडलं की संपलं, कारण सुरू करताना किल्ली दोन-चारदा चुकली की कुलूप कायमचं मिटेल, अशी तुझीच सोय.

मी आणि शकील वडूजला आलो. तुझ्या खोलीचं दार उघडलं आणि पंख्याचा आवाज आला, एकसारखा, हलका. खुर्चीच्या पाठीवर तुझा टॉवेल तसाच. शकील दारातच थांबला. 'कुणीतरी झोपल्यावाणी वाटतंय भाऊ,' म्हणाला. वहिनी म्हणाल्या, 'मी रोज हितंच बसती निवडाय-टिपाय. सोबत हुती.'

आम्ही किल्ल्या लावायला बसलो. वहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या आणि आम्ही विचारू ते सांगत गेल्या. तुझा फौजेतला नंबर, लेकीचं नाव, लेकीचं लाडाचं नाव, म्हशीचं नाव, पहिल्या पोस्टिंगचं गाव. मला माहीत होतं यातलं काहीच लागणार नाही. किल्ली म्हणून नावगाव ठेवणाऱ्यांना तूच ग्रुपवर फाडून खायचास. तरी टाकत राहिलो. प्रत्येक चुकीनंतर मशीन आम्हाला जास्त वेळ थांबवून ठेवायचं, तूच तशी सोय केलेली. मधल्या वेळात चहा व्हायचा आणि तुझ्या गोष्टी निघायच्या. शकीलनं सांगितलं, तू त्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाला कसं विचारलं होतंस, की लॅपटॉपवर चहा सांडला तो साखरेचा का बिनसाखरेचा? वहिनी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या असाव्यात. नंतर पुन्हा तांदळात मान घातली.

असं आम्ही आठवड्यातून दोनदा यायला लागलो. मी सांगलीहून विट्यामार्गे, शकील लोणंदहून. घरी ही म्हणायची, अहो, तो गेलाय, मशीनला कशाला सलाईन लावताय? मी पिशवी उचलायचो. खरं तर यायला मला आवडायला लागलं होतं. तुझ्या खुर्चीत बसायचं, तुझ्या कीबोर्डावर बोटं ठेवायची. काही बटणांवरची अक्षरं तुझ्या बोटांनी पुसली गेली होती. ती बघून किल्ली ओळखता येईल का, म्हणून मी भिंगही आणलं होतं. शकीलनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

तुमच्याकडं देखभालीसाठी आठवड्याचा एक वार लाईट नसते. तू असताना त्या दिवशी इन्व्हर्टर असायचा, बॅटरीत पाणी घालायचं काम तू कधी चुकवलं नाहीस. तू गेल्यावर ते कुणाच्या लक्षात राहणार? पहिले दोन-तीन वार बॅटरीनं कसेबसे काढले. पुढच्या वाराच्या आदल्या दिवशी मी झाकणं उघडली, तर आत खडखडाट. गावातून बॅटरीचं पाणी घेऊन आलो, घातलं, पण पाट्या वाळून गेल्या होत्या. शकीलनं दुकानातला यूपीएस आणला. तो जोडायचा तर मशीनची एकुलती एक वायर काढावी लागणार, म्हणजे मशीन बंद. तुझाच जुना यूपीएस मधे होता, त्याच्या मागं नवा जोडू असं ठरवलं. टेबल ओढलं, मागच्या वायरी काढल्या-घातल्या, जागा केली. दोघे घामाघूम. जमलं असं वाटलं.

रात्री आम्ही तिथंच राहिलो, सकाळी लाईट गेली. नवा यूपीएस काही वेळ चालला आणि संपला. मग तुझा जुना ओरडायला लागला. आधी सावकाश, मग भराभर. शकील किल्ल्या टाकत होता, मी बसल्या जागी नुसता 'हे बघ, ते बघ' म्हणत होतो. वहिनी दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, 'वहिनी, आता वेळ नाही. काहीही आठवत असेल ते सांगा. एखादं वाक्य, एखादं नाव, दिनू काही बोलला असेल.' त्यांनी मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. तोंडावर पदर धरला आणि म्हणाल्या, 'न्हाई भावजी.'

पंखा थांबला. यूपीएसही गप्प झाला. बाहेर कुणाचातरी कोंबडा ओरडत होता. शकीलनं कीबोर्डावरचे हात काढून मांडीवर ठेवले. मला तुझ्या चितेपाशी रडू आलं नव्हतं, माणसं होती, कामं होती. तिथं आलं. तुझ्या टॉवेलात तोंड खुपसून मी रडलो, दिनू, आणि वहिनींनी आम्हा दोघांना पाणी आणून दिलं. म्हणाल्या, 'लय केलं तुमी. आता जेवून जावा.' पिठलं-भाकरी होती. आम्ही मान खाली घालून जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला नाही. मी आंघोळ करून आलो, फोन बघितला. फोनच बिघडला की काय म्हणून बंद करून परत चालू केला. दुपारी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'आज दिनकरभाऊ गेले.' कुणाला चूक वाटलं नाही ते. त्यानंतर कुणी प्रश्नही विचारेना. एकानं मशीन चालू होत नाही म्हणून फोटो टाकला आणि काढूनही टाकला. मी डिस्क स्वेटरांखाली परत ठेवली. वहिनींना फोन करायची हिंमत झाली नाही. त्यांचं तारुण्य आमच्या डोळ्यांदेखत गेलं होतं, मी काय तोंड दाखवणार होतो?

परवा दुपारी ऑफिसात होतो. फोन वाजला. ग्रुपवर तुझं नाव, टोपीतला फोटो. मी उघडलं.

'आवाज येत नाही. काय करावे?'

दिनू, इतक्या वर्षांत तू ग्रुपवर एकही प्रश्न विचारला नव्हतास. एकही नाही. उत्तरं दिलीस, शिव्या दिल्यास, पण प्रश्न नाही. मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? शकीलचा लगेच फोन आला, मी उचलला नाही. मी त्या ओळीकडं बघत बसलो. आवाज येत नाही. काय करावे. वाटलं, तुला तिकडं आमचा आवाज येत नाहीये.

मग डोकं हळूहळू चालायला लागलं, तू शिकवलंस तसं. हे रोजचं वाक्य नाही, म्हणजे प्रोग्रॅम नाही. कुणीतरी टाईप केलंय. तुझ्या नावानं, म्हणजे तुझ्याच मशीनवरून, तू ग्रुपवर तिथूनच लिहायचास. आणि ते मशीन बंद पडलेलं. ते किल्लीशिवाय सुरूच होत नाही.

मी वहिनींना फोन लावला.

त्यांनी लगेच उचलला. 'भावजी, तिथं लिवलं तर कुणीच बोलंना. मशीन चालू झालंय. पर आवाज न्हाई.'

'वहिनी, किल्ली?'

त्यांनी आवाज बारीक केला. मग म्हणाल्या, 'तुमी दोघं यायचा तवा मला ठावं हुती. त्यांनी सांगितल्याली. जायच्या आदल्या दिशी, म्हशीला पेंड घालून आलं आन् म्हणालं, वश्या लय डोकं खातोय, बस हितं. धा येळा माझ्याकडनं लिवून घेतलं. म्हणालं, कुणाला सांगायचं न्हाई, वश्याला बी न्हाई.'

ते मशीन माझ्यासमोर मेलं होतं.

'लय आलं हुतं तोंडात त्या दिशी,' वहिनी म्हणाल्या. 'पर तुमच्या दोघांम्होरं उगडायचं? तुमी आयकणार, मंग मी... आवं, लाज वाटली. आन् धीर बी न्हवता. त्यांचा आवाज आयकायचा मंजी काय सोपं हाय? तुमी येत हुता, बसत हुता, त्यांचं बोलत हुता. त्येवढं बरं वाटत हुतं. मशीन बंद पडलं तरी किल्ली हाय, ठावं हुतं मला. जवा जमंल तवा उगडू म्हनलं. रागावू नगा.'

रागावलो नाही, दिनू. तुझ्यावर होता तो रागही गेला. जायच्या आदल्या दिवशी तू माझं ऐकलंस. पेंड टाकून थेट त्यांच्याशेजारी जाऊन बसलास. मला एक फोन करून सांगायचं होतंस ना लेका, की वश्या, जिंकलास. मी महिनाभर तुझ्यावर दातओठ खात हिंडलो.

मी म्हटलं, 'वहिनी, येऊ का मी उद्या? बघून देतो.'

'नगं,' त्या चटकन म्हणाल्या. 'तुमी फोनवरच सांगा. दार लावलंय मी.'

मग मी सांगत गेलो आणि त्या करत गेल्या. स्पीकरचा लाल दिवा लागलाय का? लागलाय. बटण फिरवलंय का? फिरवलंय. मग मला आठवलं, टेबल ओढलं तेव्हा मागच्या वायरी आम्हीच काढल्या होत्या. म्हटलं, मशीनच्या मागं वाका, बारीक वायर कुठल्या भोकात आहे? 'गुलाबी.' ती काढा आणि शेजारच्या हिरव्यात घाला. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. बांगड्यांचा आवाज आला, खुर्ची सरकली. खट्ट झालं.

आधी नुसती खरखर आली. टेपची, जुनी. मग कुणीतरी घसा खाकरला, आणि मला कळलं की मी फोन ठेवायला पाहिजे होता, पण मी ठेवला नाही. एक कोवळा पोरगा होता तो, मी कधी न भेटलेला, लाजरा, तुझ्याच घशातला.

'सुमन,' तो म्हणाला. 'आयकू येतंय का गं?'

'व्हय,' वहिनी म्हणाल्या. 'येतंय, बोला.' फोन अजून टेबलावरच होता. मी तो माझ्याकडून बंद केला.

तुझा
वश्या